तीन रुपयांची वीज नेमकी कुठे तीन रुपयांची असते?

एक दावा तुमच्या कानावरून नक्की गेला असेल: शेतकऱ्याला जी वीज द्यायला आठ रुपये युनिट लागत होते, ती सौर प्रकल्पांमुळे तीन रुपयांत पडेल, दिवसा मिळेल आणि धूरही होणार नाही. स्वस्त, खात्रीची, स्वच्छ. एका वाक्यात तीन विशेषणं. उलट बाजूचं वाक्यही तितकंच पाठ आहे: सूर्य मावळला की सौर संपलं, खात्री फक्त कोळशाची. संशोधन करायचं ठरवलंय ना? मग या दोन्ही वाक्यांना टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबा.

उदाहरण घरचंच घेऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, म्हणजे २.०, आला. गावाजवळच्या उपकेंद्राला छोटा सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही कल्पना. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला झाला. क्षमता ३ मेगावॅट, लाभार्थी शेतकरी सुमारे १,७५०. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या कार्यक्रमात एकूण १९ मेगावॅटच्या ज्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, त्यांत हा होता.

पहिलं विशेषण, स्वस्त. सुमारे तीन रुपये हा प्रकल्पाच्या दारातला, म्हणजे निर्मितीचा भाव आहे. आठ रुपये हा वीज शेतातल्या मोटरपर्यंत पोचवण्याचा खर्च आहे. त्यात तारा, डीपी, गळती, कर्मचारी आणि औष्णिक केंद्रांना करारानुसार द्यावा लागणारा स्थिर आकार हे सगळं येतं. बाजार समितीतला कांद्याचा भाव आणि शहरातल्या किराणा दुकानातला भाव शेजारी ठेवून 'कांदा निम्म्याने स्वस्त झाला' म्हणण्यासारखंच हे.

पण इथेच थांबलात तर तुमची टीकाही अर्धवट राहील. उपकेंद्राजवळ तयार झालेली वीज लांबच्या उच्चदाब वाहिन्यांवरून आणावी लागत नाही. तेवढा खर्च आणि तेवढी गळती खरोखर वाचते. मात्र उपकेंद्रापासून विहिरीपर्यंतची तार तीच राहते, आणि जुन्या करारांचा स्थिर आकार कोळसा कमी जाळला तरी द्यावाच लागतो. म्हणजे बचत आहे, पण ती आठ वजा तीन इतकी नाही. शिवाय ती कुणाच्या खिशात पडते, हा वेगळा प्रश्न आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. तिचा भार सरकारच्या तिजोरीवर, आणि वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांकडून चढ्या दराने वसूल होणाऱ्या क्रॉस सबसिडीवर आहे. 'स्वस्त' हा शब्द दिसला की पुढे लगेच विचारा: कुणाला?

दुसरं विशेषण, खात्रीची. जरा पाठीमागच्या कागदावर हिशेब करू. ३ मेगावॅटचा प्रकल्प वर्षभरात सरासरी १९ टक्के क्षमतेने चालला असं धरा. वर्षाला साधारण ५० लाख युनिट होतात. १,७५० शेतकऱ्यांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २,८५० युनिट. प्रत्येकाची पाच अश्वशक्तीची मोटर आहे आणि ती साडेचार किलोवॅट ओढते असं मानलं, तर वर्षाला सव्वासहाशे-साडेसहाशे तास मिळतात. म्हणजे आठ तासांचे जेमतेम ८० दिवस. आणि सगळ्यांनी एकदम मोटर लावली तर मागणी ७,८०० किलोवॅटच्या वर जाते, प्रकल्प ३,००० चा.

यावरून योजना फसवी आहे असं लिहू नका. कमी पडलेली वीज ग्रीडमधून येते आणि पावसाळ्यात मोटरी बंद असताना जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते. पण वर्षाची सरासरी जुळली म्हणून जानेवारीतला गव्हाच्या पाण्याचा आठवडा जुळतोच असं नाही. खात्री तपासायची असेल तर तासाचा आणि महिन्याचा आकडा हवा. सरासरी तिथे झाकण घालते.

आता कोळशाची खात्री. परळीचं औष्णिक केंद्र मराठवाड्यातच आहे. २०१३ च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. ज्या वर्षी विहिरी आटतात त्याच वर्षी वीजकेंद्राचं पाणीही आटतं. तेव्हा 'खात्रीचा कोळसा' म्हणणाऱ्यालाही विचारा: कुठल्या वर्षी?

तिसरं, स्वच्छ. शेतीचा वापर रात्रीतून दिवसात सरकला तर तेवढा कोळसा वाचतो, हे खरं. पण किती वाचला, हे सांगायला आधी शेती किती वीज वापरत होती ते माहीत हवं. आणि नेमकी इथेच मी तोंडावर पडलो. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी शेतीच्या वापराचा अधिकृत आकडा उचलला आणि त्यावरून कार्बनची बचत काढली. सरांनी एकच विचारलं, "मोजलं कुणी?" उत्तर नव्हतं. असंख्य पंपांना मीटर नाहीत, आहेत त्यांतले बरेच बंद. वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. त्यात गंमत अशी की शेतीचा वापर जास्त दाखवला की गळती आणि चोरी कमी दिसते. २००० साली राज्य वीज नियामक आयोगासमोर पहिली दरनिश्चिती झाली तेव्हा वीज मंडळाची १८ टक्क्यांच्या आसपासची गळती फेरहिशेबात ३० टक्क्यांच्या वर गेली होती. तारा त्याच होत्या, फक्त एका रकान्यातले युनिट दुसऱ्या रकान्यात गेले. आता बिलच नाही म्हटल्यावर चुकीच्या युनिटवर शेतकरी तरी का भांडेल? आकड्यावरचा एक राखणदार कमी झाला.

हा सगळा हिशेब मी वैजापूरकडच्या मामांना मोठ्या उत्साहाने ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "रातच्याला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागत नाही, याची किंमत तुझ्या कागदात कुठंय?"

नव्हती. वर्षानुवर्षं थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत बारे द्यायचे, पायाखाली साप-विंचू, आणि डीपी जळाली की आठवडा गेला. दिवसाच्या विजेचं खरं मोल यात आहे, आणि ते प्रतियुनिट दरात उतरत नाही. मला धास्ती वाटली ती याची की माझा 'आठ वजा तीन चुकीचं' हा परिच्छेद उचलून कुणी म्हणेल, बघा, योजना फोल आहे. म्हणून टीका लिहिताना तुमचं म्हणणं कुठपर्यंत लागू आहे ते त्याच पानावर लिहा. माझं म्हणणं एवढंच: दराची तुलना चुकीची आहे. दिवसा वीज देणं चुकीचं आहे, असं मी म्हणत नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एक काम सांगतो. जवळच्या ३३ केव्ही उपकेंद्रात रीतसर अर्ज देऊन परवानगी घ्या आणि एका शेती फीडरच्या लॉगशीटवरचे तासागणिक आकडे उतरवून घ्या. जानेवारीचा एक आठवडा, ऑगस्टचा एक आठवडा. शेजारी त्या गावातल्या दहा शेतकऱ्यांना विचारा: या आठवड्यात मोटर किती वेळ चालली, कधी चालली? दोन्ही तक्ते जुळले नाहीत तर घाबरू नका. कुठे जुळत नाहीत ते लिहून ठेवा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.