उन्हातील व्यक्तिचित्र आणि फ्लॅशचा प्रश्न

सेवाग्राम आश्रमात कनू गांधी यांनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरावयाचा नाही, छायाचित्रासाठी अमुक प्रकारे बसा वा उभे राहा असे सांगावयाचे नाही, आणि या कामासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही. ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. नझर फाउंडेशनने २०१५ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केल्यापासून तर या अटींना सूत्राचे स्वरूप आले असून, पहिल्या अटीतून पुष्कळांनी एक सौंदर्यसिद्धांतच काढला आहे. सूर्यप्रकाश तो सत्य. फ्लॅशचा प्रकाश कृत्रिम, म्हणून असत्य, असा तो सिद्धांत. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करावयाची आहे, आणि तीही अंधाऱ्या खोलीतील छायाचित्रांच्या संदर्भात नव्हे, तर उघड्यावर, भर उन्हात काढलेल्या व्यक्तिचित्रांच्या संदर्भात. जेथे सूर्य आहे तेथे फ्लॅशची गरजच काय, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या सिद्धांताची खरी परीक्षा तेथेच होते.

कनू गांधी (१९१७-१९८६) हे गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव. (जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या काठीचे टोक धरून पुढे चालणारा मुलगा तो हा नव्हे, तो रामदास गांधींचा कनू. नामसादृश्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.) घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म घेतली, आणि १९३८ च्या सुमारापासून १९४८ पर्यंत गांधीजींची छायाचित्रे काढली. त्यांतील अनेक चित्रे धूसर, रवाळ, क्वचित हललेली आहेत. मंद फिल्म, मातीच्या भिंती, खाली आलेली कौलारू छपरे आणि फ्लॅशला मनाई, एवढी कारणे एकत्र आल्यावर दुसरे काय होणार? त्या धूसरतेलाच सात्त्विकतेचे लक्षण मानणे हा मात्र भाविकपणा झाला. ती टीका नव्हे.

अटीचा अर्थ तिच्या काळात शोधला पाहिजे. त्यापूर्वीच्या पिढीचा फ्लॅश म्हणजे मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका आणि धूर. १९२९ च्या सुमारास जर्मनीत काचेचा फ्लॅश-बल्ब बाजारात आला. धूर गेला, पण एक बल्ब एकदाच पेटे आणि मग फेकून द्यावा लागे. तेव्हा पहिली अट आणि पैशाची तिसरी अट परस्परांपासून फारशा दूर नाहीत, असे मला वाटते. दुसऱ्या अटीशीही तिचे नाते आहे. डोळ्यांपुढे लखलखाट झाला की मनुष्याचे सूत तुटते, वाक्य अर्धवट राहते. फ्लॅशही एक प्रकारे 'इकडे पाहा' असेच म्हणतो. तात्पर्य, ही अट शिष्टाचाराची आहे. प्रकाशाच्या सत्यासत्यतेविषयी ती काही बोलत नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही फ्लॅश वर्ज्य मानला तो प्रत्यक्ष असलेल्या प्रकाशाविषयीच्या आदरापोटी, आणि त्या आदरातही शिष्टाचाराचा अंश मोठा होता. शिवाय अट अगदीच अभंग नव्हती. १९४६ मध्ये पुण्यास मार्गारेट बर्क-व्हाइट यांना चरख्यावरील गांधीजींचे चित्र घेण्यासाठी तीन बल्बांची मुभा मिळाली; पहिल्या दोन प्रयत्नांत काही ना काही बिनसले आणि तिसरा साधला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जे तत्त्वतः असत्य त्याला तीन वेळा परवानगी कशी मिळेल?

आता उन्हाकडे वळू. वर्धा साधारण २०.७५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात. मे महिन्यात तसा काही आडपडदा नसतो. अशा वेळी कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांची हाडे पेटल्यासारखी उजळतात. डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळोखात जातो. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला हा काळोख जाणवत नाही, कारण डोळा ऊन आणि सावली यांवरून फिरताना स्वतःला जुळवून घेतो, आणि उरलेले काम मन करते. फिल्मला हे करता येत नाही. तिला एकाच क्षणी, एकाच मापाने सर्व टिपावे लागते. आजच्या अंकीय कॅमेऱ्यांची झेप अधिक आहे, तरी भेद प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. म्हणजे समोरच्या माणसाचे डोळे आपण पाहिलेले असतात आणि चित्रात ते नसतात. असत्य शोधावयाचेच असेल तर ते प्रथम येथे शोधावे.

यात भूमीचाही वाटा आहे, आणि त्याकडे छायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांचे लक्ष जात नाही, कारण ती प्रायः दुसऱ्या मातीवर लिहिली गेली आहेत. जुहूची वाळू ऊन वर फेकते; समुद्रकिनारी उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली ती आपोआप उजेड पोचविते. वर्ध्याकडची कापसाची काळी जमीन बहुतांश प्रकाश गिळून टाकते. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालून काहीच मिळत नाही. गांधीजींच्या बाबतीत ही अडचण अंशतः आपोआप दूर झालेली दिसते. त्या वर्षांत ते टोपी घालीत नसत. खांद्यावरची पांढरी खादी हीच खालून प्रकाश देणारी पाटी होई. आणि सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्याच्या वेळी ऊन तिरपे असे. फ्लॅशवाचून उघड्यावर उत्तम चित्रे निघावीत असा हा विषय होता. एका अनुकूल विषयावरून सर्वांसाठी नियम काढणे तर्काला धरून नाही. दुपारी शेतात उभ्या असलेल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या, सावळ्या वर्णाच्या शेतकऱ्याला किंवा पदर कपाळापर्यंत ओढलेल्या मजूर स्त्रीला त्या नियमाने चेहराच उरत नाही.

हे केवळ अनुमान राहू नये म्हणून एक लहानसा अनुभव नमूद करतो. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे येथे (रेल्वे-स्थानकाची सिंदी ती निराळी) एका विद्यार्थ्याने माझ्यासमक्ष एका शेतकऱ्याची भर दुपारी तीन चित्रे घेतली. पहिले केवळ उन्हात. दुसऱ्यात सावल्या किंचित उजळण्यापुरता फ्लॅश. त्याचे गणित सोपे आहे : १०० आयएसओची फिल्म असता कडक उन्हात शटर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागावर ठेवून भिंगाचे छिद्र एफ/१६ असावे लागते. मीटरमध्ये ३२ गाइड-अंक असलेला फ्लॅश दोन मीटरांवरून नेमका एफ/१६ इतकाच प्रकाश देतो, म्हणजे सूर्याची बरोबरी करतो. तोच चार मीटरांवर नेला की अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटून चौथाई होतो. त्याने चौथाई घेतला. तिसऱ्या चित्रात फ्लॅश सूर्यापेक्षा वरचढ केला आणि शटरचा वेग वाढविला. फ्लॅशची चमक शटरच्या उघडझापीपेक्षा पुष्कळच अल्पकाळ टिकत असल्याने वेग वाढविला की सूर्याचा वाटा कमी होतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो. (पडदा-शटरच्या कॅमेऱ्यात हे सेकंदाच्या सुमारे अडीचशेव्या भागापर्यंतच साध्या रीतीने जमते, भिंगातल्या शटरला ती मर्यादा नाही.) परिणामी मनुष्य उजळ, आणि मागचे दुपारचे आभाळ सांजवेळेसारखे गडद निळे.

तिन्ही चित्रे त्या गृहस्थांना दाखविली. पहिले पाहून ते म्हणाले, "याच्यात माहे डोयेच नाही दिसत." दुसऱ्याविषयी ते काहीच बोलले नाहीत, घरच्यांना दाखवायला घेऊन गेले. तिसरे बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारले, "हे आभाय कोनत्या गावचं हाय?"

या प्रश्नात टीकेचे माप आहे. दुसऱ्या चित्रात फ्लॅश आहे, हे जाणकारालाच कळते. नाकाची सावली जागच्या जागी आहे, ऊन ऊनच आहे, फक्त सावलीत काय होते ते दिसते. तिसऱ्यात प्रकाशाचे स्वामित्व सूर्याकडून काढून घेतले गेले आहे. चेहरा मिळाला, दुपार गेली. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे मानली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्या चित्रात विरोध एवढा आत्यंतिक आहे की त्याला समतोल सापडत नाही, आणि तिसऱ्यात विरोध माणूस व त्याचे गाव यांच्यामध्ये घातला गेला आहे, जो वस्तुतः तेथे नव्हता. मर्ढेकर स्वतः लौकिक सत्याचा निकष कलेला लावू देणार नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु व्यक्तिचित्र ही अशी कला आहे की तिच्यात 'हा कोण आणि कोठे उभा आहे' हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

आजकाल लग्नसराईत आपल्याकडे तिसऱ्या प्रकाराची चलती आहे. भर वैशाखात, मांडवाबाहेर उभे केलेले वधूवर आणि त्यांच्यामागे वादळापूर्वीसारखे काळवंडलेले आकाश! छत्रीच्या आकाराचे परावर्तक, रंगीत चकत्या, बिनतारी फ्लॅश, सर्व सामग्री उत्तम असते आणि कारागिरीही. ती चित्रे देखणी असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. ती कोणत्याही गावची असू शकतात, एवढाच आक्षेप आहे. आणि तो फ्लॅशवर नसून त्याच्या प्रमाणावर आहे. उलट पांढरे धोतर किंवा चादर धरून उन्हाचाच थोडा भाग चेहऱ्याकडे वळविणारा छायाचित्रकार दुसऱ्या चित्राच्या जवळ पोचतो, आणि त्याला शुद्धतावादीही हरकत घेत नाहीत. चादरीने केले ते ग्राह्य आणि दिव्याने केले ते त्याज्य, हा भेद मला पटत नाही. अर्थात चादर डोळे दिपवीत नाही, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. म्हणजे पुन्हा शिष्टाचारच.

या विवेचनाला एक अपवाद आहे, आणि तो कनू गांधींच्याच संग्रहात आहे. सेवाग्रामच्या उन्हात डोक्यावर उशी घेतलेले गांधीजी, हे १९४० चे चित्र. तेथे ना चेहऱ्याचा प्रश्न आहे, ना डोळ्यांचा. उन्हाचा ताप आणि त्यावर हाताशी असलेल्या वस्तूने केलेला घरगुती उपाय, हा त्या चित्राचा विषय. त्या सावलीत चौथाई काय, सोळावा हिस्सा प्रकाश घातला असता तरी उशी निरर्थक झाली असती. ज्या चित्रात सावली हाच आशय आहे तेथे ती उजळण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही. अट असो वा नसो. असा आशय कोणत्या चित्रात आहे आणि कोणत्यात सावली हा केवळ फिल्मच्या दुबळेपणाचा परिणाम आहे, हे कनू गांधींच्या एकेका चित्रापुढे बसून ठरवावे लागेल, आणि ते काम अजून व्हावयाचे आहे.