सड्यावरील संग्रहालय

राजापूर तालुक्यांतील कातळशिल्पांसाठीं एखादें चांगलें संग्रहालय असावें, असें अलीकडे वारंवार बोललें जातें. सूचना स्तुत्य आहे. 2022 सालीं कोंकणांतील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. त्यांतील बारसू, देवीहसोळ, देवाचें गोठणें व कशेळी हीं स्थळें याच तालुक्यांतील आहेत. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनीं गांवकऱ्यांच्या मदतीनें सडे पायांखालीं घालून हें धन उजेडांत आणलें. तेव्हां संग्रहालय असावें कीं नसावें, हा प्रश्न आम्ही येथें काढीत नाहीं. तें कसें असावें, एवढाच आमचा प्रश्न आहे. कारण चुकीच्या कल्पनेवर उभारलेलें संग्रहालय हें संग्रहालय नसण्यापेक्षां अधिक अपाय करूं शकतें.

ज्वालामुखीनें घडविलेल्या भूमींत अशी वास्तु कशी रचावी, याचे दोन पाश्चात्य नमुने विचारांत घेण्यासारखे आहेत. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतांत विझलेल्या ज्वालामुखींच्या रांगेजवळ हान्स होलाइन या वास्तुशिल्पज्ञानें रचलेलें ‘व्हुल्कानिया’ 2002 सालीं उघडलें. त्याचा बराच भाग भूमीच्या पोटांत आहे, पण वर एक मोठा शंकु उभा केला आहे. तो बाहेरून काळ्या लाव्हाच्या दगडाचा आणि आंतून सोनेरी धातूचा आहे. दुसरा नमुना स्पेनच्या लांझारोते बेटावरचा. तेथें 1730 ते 1736 या वर्षांत झालेल्या उद्रेकांच्या लाव्हांत सेझार मान्रिके या चित्रकारानें आपलें घर केलें. थिजलेल्या लाव्हांत राहिलेल्या पांच पोकळ्या त्यानें खोल्या म्हणून वापरल्या, आणि 1992 पासून तें घर लोकांस पाहण्यासाठीं खुलें आहे.

या दोहोंत आमचा कौल मान्रिकेच्या बाजूस पडतो. होलाइनची कृति भव्य आहे, हें निर्विवाद; परंतु खरे डोंगर नजरेसमोर असतां त्यांची नक्कल आणखी एकदां बांधण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न मनांत उरतोच. मान्रिकेनें नक्कल केली नाहीं. त्यानें दगडास विचारलें कीं तुझ्यांत जागा कोठें आहे, आणि जें उत्तर मिळालें त्यांत तो राहिला. वर्णन करणारा कवि आणि अनुभव देणारा कवि यांत जो भेद आपण काव्यांत मानतों, तोच येथेंही आहे.

आतां आपल्या सड्याकडे वळूं. राजापुरीं शंकु उभारणें तर सर्वस्वीं असत्य ठरेल, कारण आपल्या भूमीस शंकूच नाहीं. दख्खनचा काळवत्री दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः भूमीच्या लांबच लांब भेगांतून वाहून आला. त्याचे थर एकावर एक पसरले, म्हणून सह्याद्रीस पायऱ्यांचें रूप आलें. आणि कोंकणचा सडा हा तर त्या दगडाचा दुसरा जन्म होय. उष्ण हवेंत युगानुयुगें पावसानें काळवत्रीचे विद्राव्य अंश धुऊन नेले, लोह व ॲल्युमिनियम मागें राहिलें आणि तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकानन यानें 1807 सालीं मलबारांतील अशाच दगडाला विटेच्या लॅटिन नांवावरून शास्त्रीय नांव दिलें. खाणींत तो नरम असतो व हवा लागली कीं कठीण होतो, हें कोंकणांतल्या प्रत्येक गवंड्यास त्याआधींपासून ठाऊक होतें. ज्या दगडास अग्नीनें एकदां आणि पाण्यानें दुसऱ्यांदां जन्म दिला, त्यास द्विज म्हणावयास हरकत नाहीं.

या द्विज दगडावर आमच्या अज्ञात पूर्वजांनीं आकृति खोदल्या. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कांहीं अभ्यासक त्यांस मध्याश्मयुगापर्यंत मागें नेतात. परंतु त्यांच्या मांडणीविषयीं एक गोष्ट उघड आहे. त्या भिंतीवर नाहींत, पायांशीं आडव्या पडल्या आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब व 13 मीटर रुंद असून त्याच्या देहांत आणखी अनेक प्राणी कोरलेले आहेत. तो एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. भोंवतीं फिरावें लागतें. भर दुपारीं रेषा पुसट होतात, ऊन तिरपें झालें म्हणजे त्या उठून दिसतात. देवाच्या गोठण्यास आकृतीजवळ होकायंत्र ठेवलें तर त्याची सुई भलतीच दिशा दाखविते. हें सारें त्या जागेचें वैशिष्ट्य आहे. कांचेच्या पेटींत ठेवलेला प्लॅस्टरचा ठसा यांतलें काय दाखविणार?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, येथील वास्तु वर चढणारी नसावी, खालीं उतरणारी असावी. ही कल्पना परकी नाहीं. भाजें, अजिंठा, घारापुरी येथें आपल्या कारागिरांनीं काळवत्रीच्या पोटांत शिरूनच वास्तु घडविली. वेरूळचें कैलास तर आठव्या शतकांत वरून खालीं खोदीत नेलें. जांभ्यांत तसें कोरीवकाम टिकणार नाहीं, पण त्याची गरजही नाहीं. कोंकणांत चिरे काढून सोडून दिलेल्या चिरेखाणी जागोजागीं आहेत. एखादी योग्य खाण निवडावी. तिच्या उभ्या कापांत वरचें कठीण कवच आणि खालचा मऊ थर पाठ्यपुस्तकापेक्षां स्पष्ट वाचतां येतात. तीवर कौलारू छप्पर घालावें, आंत नकाशे, ठसे व छायाचित्रें मांडावीं, आणि दुसऱ्या टोकानें प्रेक्षकास सड्यावर मूळ शिल्पांकडे जाऊं द्यावें. संग्रहालय हें यात्रेचें शेवटचें ठिकाण नसून तिचा उंबरठा व्हावें.

यावर पावसाचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कोंकणच्या पावसांत खाणीचें तळें होतें. पाण्यास वाट काढून दिल्यावांचून ही योजना फसेल. परंतु तें पाणीही दाखविण्यासारखेंच आहे. सड्यांत मुरलेला पाऊसच पायथ्याच्या झऱ्यांस व विहिरींस पुरतो, हें शहरी प्रेक्षकास दुसरें कोण सांगणार?

शेवटीं मुख्य मुद्दा. सड्यास पडीक समजण्याची आपली संवय जुनी आहे. बारसूचा सडा तेलशुद्धीकरण कारखान्याच्या वादामुळें 2023 सालीं साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाला. त्या वादांत न्यायाधीश होण्याचें हें स्थळ नव्हे. पण त्यानें एक धोका स्पष्ट केला: दोन वाघांमध्यें उभी असलेली मनुष्याकृति कुंपण घालून वांचविली आणि भोंवतालचा सडा गेला, तर रेषा उरतील व अर्थ जाईल. शिल्पें संग्रहालयांत सुरक्षित आहेत, या समाधानावर सडा देऊन टाकण्याची सोय जें संग्रहालय करून देईल, तें कितीही सुंदर असो, आम्हांस नको. ज्याच्यामुळें पावसाळ्यांत फुलणारा, उन्हाळ्यांत तापणारा तो उघडा कातळच मौल्यवान वाटूं लागेल, तें साध्या चिऱ्याचें असलें तरी आम्ही त्याचें स्वागत करूं.