चुन्याविना उभी भिंत

कवितेचं बळ कवीने लिहिलेल्या शब्दांत असतं, तितकंच त्याने गाळलेल्या शब्दांतही असतं. अलिबाग हे गाव याच नजरेने वाचावं. इथल्या जुन्या वास्तूंपुढे आणि वस्त्यांपुढे जरा रेंगाळलं, की प्रत्येक ठिकाणी काहीतरी जाणीवपूर्वक वगळलेलं आढळतं आणि त्या वगळण्यातच त्या ठिकाणाचं सामर्थ्य असल्याचं ध्यानात येतं. हे वाचन करायला एक मोकळा दिवस, चालायची तयारी आणि एसटीच्या तिकिटापुरते पैसे पुरतात.

दिवसाचा क्रम समुद्र ठरवतो. कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे आणि ओहोटीला तिथे पायी जाता येतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, तिथून साधारण सहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी फार मागे हटत नाही, तेव्हा घोटा-गुडघा भिजवत जावं लागतं. म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावं आणि परतीची वेळही त्याच्याकडूनच पक्की करून घ्यावी. पैसे दिले तर घोडागाडी मिळते, भरतीला होडीही असते. पण ओल्या वाळूतून पायी गेलं तर तट हळूहळू मोठा होत समोर येतो. किल्ल्याच्या आकाराची जी जाणीव त्या संथ वाटचालीत होते, ती गाडीतून होत नाही.

तटापाशी पोचल्यावर लगेच दरवाजात शिरू नये. आधी भिंत वाचावी. काळ्या पाषाणाचे प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत; सांध्यांत चुना नाही. पायथ्याच्या दगडांवर कालवं चिकटलेली दिसतात, म्हणजे भरतीचं पाणी कुठवर चढतं तेही कळतं. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू करवलं. लाट आदळते तेव्हा तिचं पाणी चिऱ्यांमधल्या फटींत शिरतं, तिथे तिचा जोर विखुरतो आणि ते आल्या वाटेने बाहेर पडतं. मुंबईत मरीन ड्राइव्हला टाकलेले सिमेंटचे चौपायी ठोकळेही लाटेला अशाच पोकळ्यांत जिरवतात. सांधे बुजवून समुद्राला अडवायचं, हा विचार बांधणाऱ्यांनी सोडून दिला आणि समुद्राला आत-बाहेर करायला जागा ठेवली. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तेव्हाही मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला पडला नाही.

महादरवाजावरचं कोरीवकाम पाहून आत गेलं की रस पालटतो. बाहेर सारं काही शौर्याचं. आत मात्र घरगुती शांतपणा. राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं पंचायतन, शेजारी पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं, हा विरोध कुठल्याही अलंकारापेक्षा जास्त परिणाम करतो, कारण त्या पाण्यावर इथल्या शिबंदीचा जीव अवलंबून होता.

ओहोटी संपायच्या आत परतलं की गाव बाकी असतं. कान्होजींची समाधी आहे. 1729 मध्ये ते वारले. त्यांनी 1720 मध्ये बांधलेला हिराकोट आता तुरुंग आहे, त्यामुळे तो बाहेरूनच पाहायचा. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळाही परवानगीशिवाय आतून पाहता येत नाही, तरी कुंपणापाशी थांबावं. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा तिथल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी विजेच्या प्रवाहाने बिघडणार हे स्पष्ट झालं. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि 1904 पासून इथे नोंदी सुरू झाल्या. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणून इमारती बांधल्या, लोखंड दूर ठेवलं. तटाने चुना गाळला, वेधशाळेने लोखंड. म्हणूनच पृथ्वीची ती सूक्ष्म हालचाल एका शतकाहून जास्त काळ इथे अखंड टिपली गेली आहे.

दुपारी उन्हं कलली की इस्राएल आळीत जावं. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालत आला, असं बेने इस्राएल हा इथला ज्यू समाज परंपरेने सांगतो. या किनारपट्टीवर तो तेलाचे घाणे चालवत राहिला, मराठी बोलत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. शेकडो वर्षं धर्मग्रंथांपासून आणि इतर ज्यूंपासून दूर राहूनही समाजाने आपली ओळख जपली, त्यात आठवड्यातला एक दिवस काम वगळण्याचा मोठा वाटा होता. आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर 1848 चं, पुढे नव्याने बांधलेलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की तटाच्या फटी पुन्हा आठवतात. जिथे काही ठेवलेलं नाही, तीच जागा इथेही भार पेलते आहे.

खर्च म्हणाल तर सकाळी पोहे, दुपारी खाणावळीतलं मासळीचं ताट आणि एक शहाळं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावी. तिचा गोडवा या मातीचाच आहे.

आज अलिबाग म्हटलं की बंगले, तलाव असलेली रिसॉर्टं आणि शनिवार-रविवारची गर्दी डोळ्यांपुढे येते. त्या अलिबागेला पैसे लागतात. मी ज्या अलिबागेबद्दल लिहितो आहे तिला फक्त वेळ लागतो, आणि तो वेळ देणाऱ्यांवर तिचं टिकणं अवलंबून आहे. चुन्याविना रचलेल्या भिंतीच्या फटी कुणाला उणीव वाटल्या, तर त्या बुजवल्या जातील. वेधशाळेभोवतीची मोकळी जागा कुणाला वाया गेलेली वाटली, तर तिच्यावर इमारती उठतील. ज्याने ही भिंत एकदा नीट वाचली आहे, तो त्या फटींच्या बाजूने बोलेल. म्हणून शाळांच्या सहली इथे ओहोटीची वेळ पाहून याव्यात, मुलांना तटाच्या चिऱ्यांमध्ये हात घालून पाहू द्यावा आणि मगच त्यांना सनावळ्या सांगाव्यात.