चुलीवाचून स्वयंपाक: कला आणि सिद्धांत

आपल्याकडे अनेक शाळांत 'अग्नीविना पाककृती' अशी स्पर्धा होते. मुले भेळ करतात, फळांचे चाट करतात, बिस्किटांच्या चुऱ्याचे लाडू वळतात. लहान मुलांना विस्तवाजवळ जाऊ द्यायचे नाही, एवढाच तिचा हेतू असतो. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, याच कल्पनेची गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र पाकपरंपरा झाली आहे. अन्न शिजवायचे नाही आणि दूध, दही, तूप, मध यांसकट कोणताही प्राणिज पदार्थ वापरायचा नाही, हे तिचे दोन नियम. जुलियानो यांचे 'रॉ: द अनकुक बुक' १९९९ साली आले आणि शिकागोचे नामवंत आचारी चार्ली ट्रॉटर व कॅलिफोर्नियाच्या रॉक्सॅन क्लाइन यांचे 'रॉ' २००३ साली. त्यानंतर घरच्या स्वयंपाकघरासाठी अशा पुस्तकांची रीघच लागली. आता या पाककृती आपल्या शहरांतही करून पाहिल्या जातात आणि कॉलेजात जाणारी मुले त्यांबद्दल शिक्षकांना प्रश्न विचारतात. म्हणून या प्रकाराकडे पाककला म्हणून आणि विज्ञान म्हणून असे दोन्ही अंगांनी पाहायला हवे. या दोहोंचा निकाल माझ्या मते एक नाही.

आधी पाककला. उष्णता हाताशी नसेल तर पदार्थाचा पोत आणि चव बदलायला काय उरते? मीठ, आंबट, पाणी, वाटणे, आंबवणे आणि वाळवणे. एवढ्याच साधनांतून या मंडळींनी जे काढले आहे ते कौतुकास्पद आहे. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ चोळून ठेवले की परासरणाने पेशींतले पाणी बाहेर येते, पेशींचा ताठरपणा जातो आणि कोबी शिजल्यासारखा मऊ होतो. जवस भिजवले की त्यांच्या सालीतून बुळबुळीत द्रव सुटतो. त्यात भाज्यांचा कीस मिसळून पातळ थापून वाळवले की कुरकुरीत चकत्या होतात. पिठातले ग्लुटेन जे बांधण्याचे काम करते ते येथे जवसाची बुळबुळ करते. भिजवलेले काजू गंधासारखे वाटले की त्यांतले तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरते, प्रथिने त्या थेंबांभोवती थर धरतात आणि साईसारखे दाट मिश्रण मिळते. त्यात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू घालून दिवसभर ठेवले की ते आंबते. यालाच काजूचे चीज म्हणतात. केसीन नसल्यामुळे त्याला खऱ्या चीजसारखी तार सुटत नाही, पण चवीला ते चांगले असते.

मला खटकते ते नकलेचे वेड. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचे, झुकिनीच्या लांब पट्ट्यांना शेवया म्हणायचे, जवसाच्या चकतीला पिझ्झा म्हणायचे. ज्या शिजवलेल्या अन्नाला नाकारायचे त्याचीच नावे लावायची. या पुस्तकांतल्या उत्तम पाककृती कोणाचीच नक्कल करत नाहीत. आपली खमंग काकडी किंवा चैत्रातली आंबेडाळ पाहा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ कच्चीच भरड वाटायची आणि तीत कैरी किसून घालायची. विस्तव लागतो तो फक्त वरच्या फोडणीला. ती कशासारखी लागते असे कोणी विचारत नाही. अर्थात ती वाटीभर खायची असते, ताटभर नव्हे, आणि या फरकाकडे पुढे यायचेच आहे.

काजूंविषयी एक गंमत सांगायला हवी, कारण या स्वयंपाकाचा निम्मा डोलारा काजूवर उभा आहे. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलात बिब्ब्यासारखाच दाहक चीक असतो. म्हणून कोकणात आणि गोव्यात कारखान्यांत बी फोडण्याआधी तिला वाफ देतात किंवा ती भाजतात. नंतर गरावरचा पापुद्रा सुटावा म्हणून गर पुन्हा गरम हवेत वाळवतात. म्हणजे 'कच्चा' म्हणून विकला जाणारा काजू बहुधा वाफवलेलाच असतो. न वाफवता हाताने फोडलेला गर थोडाफार मिळतो, आणि हंगामात आपल्याकडे ओले काजूगर मिळतात ते खरोखर कच्चे असतात. पण त्यांची आपण उसळ करतो! मेपलचा पाक या पुस्तकांतल्या काही पाककृतींत दिसतो. तोही सुमारे ४० लिटर रस आटवून एक लिटर मिळतो.

आता सिद्धांत. अन्न ११८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, मरतात आणि अन्न 'मृत' होते, असे या पुस्तकांत वारंवार सांगितलेले असते. याचे मूळ एडवर्ड हॉवेल या अमेरिकन डॉक्टरांच्या लेखनात आहे. त्यांचे 'एन्झाइम न्यूट्रिशन' १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक प्राणी विकरांची ठराविक पुंजी घेऊन जन्मतो. कच्च्या अन्नातली विकरे पचनाला हातभार लावतात आणि पुंजी वाचते. शिजवलेले अन्न खाल्ले की ती खर्च होते आणि आयुष्य घटते.

हे चुकीचे आहे. विकरे म्हणजे प्रथिने. ती बँकेतली ठेव नाहीत. पेशी ती जनुकांतल्या माहितीनुसार आयुष्यभर नव्याने बनवत असतात. अन्नातून गेलेली बहुतेक विकरे जठरातल्या आम्लात आपला आकार गमावतात आणि डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचून जातात. जेवणानंतर काही वेळ जठरातले आम्ल सौम्य असते आणि लाळेतल्या विकराचे काम तेवढा वेळ चालू राहते, हे खरे. पण तेवढ्यावर आयुर्मानाचा सिद्धांत उभा राहत नाही. शिवाय ४८ अंशांवर अशी कोणतीही सीमारेषा नाही. प्रत्येक विकराची उष्णता सोसण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती किती वेळ तापवले यावरही ठरते. भाज्या गोठवण्यापूर्वी त्या उकळत्या पाण्यात बुडवून काढतात, तेव्हा उष्णता पुरेशी झाली की नाही हे पेरॉक्सिडेज या विकरावरून पाहतात. ते फार चिवट असते म्हणूनच.

हे वर्गात दाखवता येते. नाचणी भिजवून मोड आणावेत, ती वाळवून दळावी, मात्र भाजू नये. चार चमचे तांदळाचे पीठ कपभर पाण्यात शिजवून दाट खळ करावी. ती ६५ अंशांपर्यंत निवली की अर्धा चमचा हे नाचणीचे पीठ घालून ढवळावे. काही मिनिटांत खळ पेजेसारखी पातळ होते. दुसऱ्या भांड्यात तांदळाचे तेवढेच पीठ ४५ अंशांच्या पाण्यात कच्चेच कालवून त्यात तेवढेच नाचणीचे पीठ घालावे. तळाशी बसलेल्या पिठावर बऱ्याच वेळाने आयोडीनचा थेंब टाकला तरी ते गडद निळे होते. तिसऱ्या भांड्यात शिजवलेल्या खळीत आधी उकळून घेतलेले नाचणीचे पीठ घालावे. खळ घट्टच राहते. पहिल्या भांड्यात विकराने ४८च्या कितीतरी वर काम केले, तेही शिजवलेल्या पिठावर. कच्च्या पिष्टकणांत रेणू घट्ट रचलेले असतात आणि विकराला तेथे फारसा शिरकाव मिळत नाही. साधारण ६० ते ७५ अंशांत हे कण पाणी पिऊन फुगतात व उलगडतात. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी हेच तत्त्व लहान बाळांच्या खिरीसाठी वापरले. मोडाच्या पिठाने दाट खीर पातळ होते आणि तेवढ्याच घासांत बाळाच्या पोटात जास्त अन्न जाते.

अन्नातली विकरे काहीच करत नाहीत असे मात्र नाही. मोहरी फेसताना काय होते ते आठवा. कोरड्या मोहरीला नाकात जाणारा झणका नसतो. थंड पाण्यात फेसली की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचे विकर आणि त्याचे खाद्य एकत्र येते व तिखट द्रव्य तयार होते. तीच मोहरी आधी फोडणीत तडतडली तर विकर नष्ट होते आणि झणका येत नाही. मुळा किसल्यावर, लसूण ठेचल्यावर असेच घडते. पण हे काम पाट्यावर, वाडग्यात होते, पोटात गेल्यावरचे नव्हे. कच्च्या स्वयंपाकाच्या पुस्तकांनी हा धडा दिला असता तर ती विज्ञानाचीही चांगली पुस्तके झाली असती.

सिद्धांत चुकीचा असला तरी पदार्थ खायला काय हरकत, असे कोणी विचारील. एखादा पदार्थ म्हणून काहीच हरकत नाही. प्रश्न संपूर्ण आहाराचा आहे. १०० ग्रॅम कोबीतून सुमारे २५ कॅलरी मिळतात; २,००० कॅलरींसाठी आठ किलो कोबी लागेल. ही तूट काजू-बदामांनी भरायची तर खर्च किती, याचा हिशेब ही पुस्तके देत नाहीत. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी कच्चा आहार घेणाऱ्या ५१३ जणांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. हे सगळेच प्राणिज पदार्थ वर्ज्य करणारे नव्हते. तरीही ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. २००५ साली तेथल्याच २०१ जणांच्या अभ्यासात रक्तातले अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल कमी आढळले, हा लाभच. पण ३८ टक्के लोकांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. आपल्याकडे ही बाब अधिक गंभीर आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होते. तेथे दूधही काढून टाकायचे तर गोळी किंवा ब-१२ मिसळलेले अन्न अपरिहार्य आहे. नववी-दहावीतली एखादी मुलगी वजन उतरवण्यासाठी हा आहार धरते आहे असे कळले तर शिक्षिकेने ही गोष्ट तिच्या घरी स्पष्ट सांगावी.

शिवाय परदेशी पाककृती इकडच्या भाज्यांवर तशीच उतरवणे धोक्याचे ठरू शकते. झुकिनीऐवजी दुधी घेतला तर आधी त्याची फोड चाखावी. कडू लागली तर दुधी टाकून द्यावा, कारण कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. राजम्याला मोड आणून तो कच्चा खाऊ नये. त्यातल्या विषारी प्रथिनाने मूठभर नव्हे, चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात, आणि ते नष्ट व्हायला नीट उकळी लागते. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते. जर्मनीत २०११ साली ई. कोलायच्या साथीत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५०हून अधिक दगावले, आणि माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत.

हा प्रयोग आपल्याकडे पूर्वीही झालेला आहे. १९२९ साली गांधीजींनी साबरमती आश्रमात काही सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध असा आहार होता. काय आणि किती खाल्ले याची वजने त्यांनी 'यंग इंडिया'त छापली. आमांशाने प्रकृती ढासळली तेव्हा ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले, आणि तेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले.