शोध आणि सेवा : जालन्याहून दिसणारी विजेची व टेलिफोनची गोष्ट

शाळेतली प्रश्नमंजूषा म्हटली की दोन प्रश्न हमखास येतात. टेलिफोनचा शोध कोणी लावला? विजेचा दिवा कोणी तयार केला? उत्तरे तयारच असतात. बेल, १८७६. एडिसन, १८७९. मुले एका सुरात सांगतात, टाळ्या पडतात, गुण मिळतात. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात यापुढे आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : मग हा दिवा आणि हा टेलिफोन आपल्या गावात पोचायला इतकी वर्षे का लागली? क्षणभर शांतता पसरते आणि मग एखादे धीट मूल म्हणते, "सर, आपला भाग मागासलेला होता ना."

हे उत्तर आम्हाला फार खटकते. कोणत्याही पाठात ते असे लिहिलेले नसते. पाठात जे लिहायचे राहून गेले, त्या मोकळ्या जागेत मुलाने ते स्वतःच भरलेले असते. प्रत्येक शोध दूरच्या कुणा बुद्धिमान माणसाने लावला आणि तो आपल्यापर्यंत सर्वांत शेवटी आला, एवढेच सांगितले तर मूल दुसरे काय समजणार? म्हणून आपल्याकडच्या 'शोधकथां'ची थोडी परीक्षा करावी, असे आम्हाला वाटते. या कथा वाईट नाहीत. कुतूहल, चिकाटी, प्रयोग फसल्यावरही पुन्हा उभे राहणे, हे सारे त्यांतून मुलांपर्यंत पोचते. आमची तक्रार एवढीच की जिथे खरा कठीण भाग सुरू होतो, नेमक्या तिथे त्या संपतात.

दिवा लागणे आणि दिवे चालू राहणे

मुंबईचेच उदाहरण घेऊ. क्रॉफर्ड मार्केट (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८८२ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजकेंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. म्हणजे शोधकथेच्या हिशेबाने मुंबई मुळीच मागे नव्हती. पण लवकरच वीज पुरवणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली. शहरात वीजपुरवठा खऱ्या अर्थाने रुजला तो १९०५ मध्ये नवी कंपनी स्थापन झाल्यावर. या कंपनीकडे दिव्यांबरोबर ट्रामही होत्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली.

शोध लागलेला, दिवे लागलेले, तरीही मध्ये वीस वर्षांचा खंड! याचे कारण समजायला एक साधे गणित पुरते आणि ते नववीच्या वर्गात सहज करता येते.

समजा, एका गावात ४० वॅटचे ५०० दिवे आहेत. सगळे एकदम लागले तर २० किलोवॅट वीज लागेल, म्हणून तेवढे जनित्र बसवले. दिवे संध्याकाळी चार तास जळतात. रोजचा खप झाला ८० युनिट. हेच जनित्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले असते तर ४८० युनिट वीज मिळाली असती. म्हणजे यंत्राचा एक षष्ठांशच उपयोग झाला. यंत्राच्या किमतीवरचे व्याज मात्र पूर्ण चोवीस तासांचे! आता याच गावात दिवसा आठ तास चालणारी १५ किलोवॅटची मोटर जोडली, तर आणखी १२० युनिट खपतात. एकूण २०० युनिट. जनित्र तेच, पण त्याच्या खर्चाचा प्रत्येक युनिटवर पडणारा बोजा पूर्वीच्या दोन पंचमांशांवर येतो. प्रत्यक्ष वापर आणि शक्य असलेला पूर्ण वापर यांच्या या गुणोत्तराला भारगुणांक म्हणतात. ट्राम हा मुंबईचा दिवसाचा भार होता. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून मुंबईला आली, तिचेही मोठे गिऱ्हाईक कापडगिरण्या होत्या, घरे नव्हती.

आता जालन्याकडे वळू. 'जालना, सोने का पालना' ही म्हण इथे सर्वांना ठाऊक आहे. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०१ पर्यंत पूर्ण झाला आणि जालना ही कापसाची पेठ म्हणून आणखी वाढली. सरकी वेगळी करणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस आले. म्हणजे दिवसा चालणारी यंत्रे होती, पैसा होता, धंदा होता. पण अशा कारखान्यांची यंत्रे स्वतःच्याच वाफेच्या किंवा तेलाच्या इंजिनावर चालत. शिवाय जिनचा हंगाम कापसाबरोबर येतो आणि कापसाबरोबरच जातो, उरलेले महिने पट्टे थांबलेले. जो ग्राहक सार्वजनिक वीजकेंद्राला तारू शकला असता, तो स्वतःपुरता सज्ज होता आणि वर्षातले काही महिनेच जागा होता. याला मागासलेपण म्हणता येणार नाही. हा भारगुणांकाचा प्रश्न आहे.

तार आधी का, टेलिफोन नंतर का?

टेलिफोनच्या कथेतही हीच उणीव आहे. बेलने सहकाऱ्याला हाक मारली, आवाज तारेतून पोचला, गोष्ट संपली. पण दोन माणसांचे बोलणे म्हणजे टेलिफोन सेवा नव्हे. एकवीस ग्राहकांना थेट एकमेकांशी जोडायचे तर २१ × २० ÷ २ = २१० जोडण्या लागतात. शंभर ग्राहकांना ४,९५०. मधे एक्सचेंज बसवले की प्रत्येकी एकच जोडणी पुरते. जगातले पहिले व्यापारी एक्सचेंज १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक एकवीसच होते. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे एक्सचेंजे उघडली. बेलच्या यंत्राइतकेच हे एक्सचेंजही महत्त्वाचे, पण प्रश्नमंजूषेत त्याला जागा नाही.

यात पदार्थविज्ञानाचाही एक सुंदर मुद्दा आहे. तारेतून जाणारा संकेत अंतराबरोबर क्षीण होत जातो. तारायंत्रात 'कट्ट-कड' एवढेच पाठवायचे असल्याने वाटेत रिले बसवून संकेत पुन्हा ताजा करता येतो. विद्युतचुंबकाची पट्टी ओढली गेली की नव्या बॅटरीचा प्रवाह पुढे निघतो. बोलण्यातले बारीक चढउतार मात्र अशा उघड-मिट करणाऱ्या रिलेने पुढे नेता येत नाहीत. त्यासाठी वर्धक लागतो, आणि निर्वात नळीचे वर्धक वापरून न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सेवा सुरू व्हायला १९१५ उजाडले. रेल्वेलाही गाड्या सुरक्षित चालवायला तारायंत्र लागतेच. त्यामुळे रुळांच्या कडेने आलेली तार शेकडो किलोमीटरांवरचे निरोप पोचवत होती, त्या काळात तेवढ्या लांबचा आवाज पोचवणे जगालाच अवघड होते. 'तार आधी, टेलिफोन नंतर' हा क्रम नुसता पाठ करण्याऐवजी त्यामागचा रिले मुलांनी बॅटरी, खिळा आणि तांब्याची तार घेऊन करून पाहावा.

नकाशा बाहेर ठेवला तर

शोधकथांत आणखी एक गोष्ट सुटते : राज्याची हद्द. सरळ रेषेत मोजले तर जालन्याहून मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे, हैदराबाद त्याहून दूर. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानात वीजकंपन्यांना परवाने मिळत ते १९१० च्या वीज कायद्याखाली. संस्थानचा कारभार वेगळा, नाणे वेगळे, टपालखातेही वेगळे. जवळची मुंबई हद्दीपलीकडे आणि आपली राजधानी लांब, अशा जागी जालना होते. रेल्वेतही हेच दिसे. मुंबईहून मनमाडपर्यंत ब्रॉडगेज, पुढे मीटरगेज. माल मनमाडला उतरवून पुन्हा चढवायचा.

मात्र इथे दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो. 'संस्थान होते म्हणून वीज आली नाही' हेही उत्तर तितकेच आळशी आहे. म्हैसूरही संस्थानच होते. तिथल्या शिवसमुद्रम धबधब्यावरची वीज १९०२ मध्ये जवळजवळ दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. का? खाणी रात्रंदिवस चालणाऱ्या, भार अखंड. आणि 'पुढारलेल्या' अमेरिकेत काय होते? १९३५ च्या सुमारास तिथल्या शहरांत जवळपास घरोघरी वीज होती, पण शेतावरच्या दहा घरांपैकी साधारण एकाच घरात. विरळ वस्तीसाठी तारा ओढणे कंपन्यांना परवडत नव्हते. पुढे सरकारी कर्ज आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था यांतून मार्ग निघाला. जालन्याचे खेडे आणि अमेरिकेतले शेतघर यांना एकाच गणिताने थांबवले होते, हे कळले की मुलाच्या मनातला 'मागासलेपणा'चा शिक्का पुसायला मदत होते.

या विषयावर शिक्षकांनी मिळवून वाचावे असे एक पुस्तक आहे : अमेरिकन इतिहासकार टॉमस ह्यूज यांचे १९८३ चे 'नेटवर्क्स ऑफ पॉवर'. बर्लिन, शिकागो आणि लंडन या तीन शहरांत वीज कशी वाढली, हे ते सांगते. ह्यूज यांच्या मते एडिसनचे मोठेपण एका दिव्यात नाही. जनित्र, तारा, मीटर, दर आणि कायदा या सर्वांची सांगड घालण्यात ते आहे. शिकागोने दिवसाची ट्राम आणि रात्रीचे दिवे एकत्र आणून भारगुणांक वाढवला. लंडनमध्ये मात्र डझनावारी कंपन्या आणि दहा निरनिराळ्या कंपनसंख्या! यंत्रविद्या सगळीकडे सारखीच, पण समाज वेगळा म्हणून जाळेही वेगळे. मनमाडचे दोन गेज पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते.

तरीही जालन्याहून वाचताना हे पुस्तक अपुरे वाटते. त्यात जाळे वाढवणारे दिसतात, जाळ्याबाहेर राहिलेले दिसत नाहीत. जाळ्यासाठी ज्यांची जमीन गेली तेही नाहीत. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून धरणाविरुद्ध केलेला सत्याग्रह ज्या वीजप्रकल्पासाठी घडला, तोही मुंबईच्याच विजेचा होता. वीज कोणाला मिळाली, एवढ्यावर न थांबता तिची किंमत कोणी मोजली, हेही वर्गात यायला हवे.

'गावात वीज आली' म्हणजे काय?

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग खुला केला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झाले. नफ्यापेक्षा प्रसाराला महत्त्व देणारी संस्था आली आणि शेतीपंपाच्या रूपाने खेड्यातही दिवसाचा भार सापडला. पण इथेही शब्द तपासून घ्यावे लागतात. १९९७ पर्यंतच्या सरकारी व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव 'विद्युतीकृत' ठरत असे. शिवारातल्या एका विहिरीवर पंप बसला, की कागदावर अख्खे गाव उजळले! २००४ मध्ये निदान दहा टक्के घरांत वीज हवी, अशी अट आली. म्हणजे शंभरातली नव्वद घरे अंधारात असली तरी हरकत नव्हती. टेलिफोनचेही तसेच. एका सार्वजनिक फोनवर 'गावात फोन आला' असे म्हणता येते. तो फोन कोणाच्या घरात होता आणि तिथे कोणाला जाता येत होते, हा प्रश्न राहतोच.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. 'आपल्या गावात वीज कोणत्या साली आली?' एवढा एकच प्रश्न मुलांना देऊ नका. आजी-आजोबांकडे असे प्रश्न घेऊन पाठवा : पहिली तार कशासाठी आली, दिव्यासाठी, विहिरीसाठी की पिठाच्या गिरणीसाठी? कोणत्या वस्तीवर आधी आली, कोणत्या वस्तीवर सर्वांत शेवटी? घरातले जाते कधी थांबले? पहिला फोन कुठे होता, आणि निरोप आला की बोलवायला कोण धावत असे? वृद्धांना साल आठवत नसेल तर पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, असे विचारावे. दोन-तीन घरांच्या आठवणी ताडून पाहाव्यात. मग गावाचा नकाशा काढून वस्त्यांवर क्रमांक टाकावेत. (खांब आणि रोहित्रे लांबूनच पाहावीत, हे आधी बजावून सांगावे.)

असा नकाशा भिंतीवर लागला की बेल आणि एडिसन लहान होत नाहीत. त्यांच्या शेजारी तारा ओढणारे, एक्सचेंजवर बसून जोडणी देणारे, दर ठरवणारे आणि वर्षानुवर्षे वाट पाहणारे लोकही उभे राहतात. आणि पुढच्या वेळी 'इतकी वर्षे का लागली?' असे विचारले तर त्या मुलाला मान खाली घालावी लागणार नाही. ते हिशेब मांडून दाखवेल.