संशोधकाची यातना आणि भांडवलाचा संयम : बाल्झाकच्या दावीद सेशारचा पुनर्विचार

प्रस्तावना

संशोधक आणि त्याला पैसा पुरवणारा धनिक यांचे नाते साहित्यात बहुधा प्रतिभावंत विरुद्ध शोषक अशा सरळ द्वंद्वातून मांडले जाते. ओनोरे द बाल्झाक (१७९९–१८५०) यांच्या ‘इल्युझियाँ पेर्द्यू’ या कादंबरीचा १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेला तिसरा भागही याच दृष्टीने वाचता येतो. मात्र हे वाचन कादंबरीतील आर्थिक वास्तवाला पुरेसा न्याय देत नाही.

विवेचन

आंगुलेम येथील मुद्रक दावीद सेशार चिंध्यांऐवजी वनस्पतींपासून स्वस्त कागद बनविण्याच्या ध्यासाने झपाटलेला आहे. त्याचा मेहुणा लुसिएँ पॅरिसमध्ये दावीदच्या खोट्या सहीने प्रत्येकी हजार फ्रँकच्या तीन हुंड्या काढतो. प्रतिस्पर्धी कोअँते बंधू या कर्जाचा फास आवळून दावीदला त्याचा शोध त्यांच्या हवाली करण्यास भाग पाडतात. दावीदचा वकील पेती-क्लो आतून त्यांनाच सामील असतो.

कारस्थानाचा हा भाग रंजक आहे. परंतु कादंबरीचे खरे सामर्थ्य हुंडी न वटल्यावर चढत जाणाऱ्या खर्चाच्या तपशिलात आहे. व्याज, दलाली, नोटिसा, कोर्टखर्च यांतील प्रत्येक रक्कम कायद्याला धरून आहे. मूळ लबाडी लुसिएँची. तिच्यावर उभी राहिलेली लूट मात्र कायदेशीर आहे. शोधाला वेळ लागतो आणि हुंडीला मुदत असते. दावीदजवळ कल्पना आहे, वेळ नाही. कोअँतेंजवळ कल्पना नाही, पण थांबण्याची ऐपत आहे. भांडवल म्हणजे थांबण्याची ऐपत, हे बाल्झाक यांनी अचूक हेरले. १८२८ मध्ये स्वतःचा मुद्रणव्यवसाय बुडून ते कर्जबाजारी झाले होते. त्या अनुभवाचे पाठबळ या तपशिलाला आहे.

दुसरा दुर्लक्षित मुद्दा दावीदची पत्नी एव्ह हिचा आहे. नवरा प्रयोगांत गढलेला असताना ती छापखाना चालवते, पंचांगासारखी वार्षिके छापून विकते आणि संसार सावरते. संशोधकाची पहिली भांडवलदार तीच होय. फरक इतकाच की तिच्या गुंतवणुकीचा करार कोठेही लिहिलेला नाही.

लेखकाची मर्यादा मात्र येथेच दिसते. शेवटी थोरला कोअँते लक्षाधीश व उमराव होतो आणि दावीद वडिलोपार्जित मिळकतीवर कीटकांचा संग्रह करीत सुखाने राहतो. हे समाधान वाचकाची टोचणी बोथट करते. पैशाच्या व्यवस्थेचा प्रश्न स्वभावभेदाचा ठरतो.

कादंबरीबाहेरचा इतिहास अधिक कोरडा आहे. लाकडाच्या लगद्यापासून कागद करण्याची रीत शोधणाऱ्या सॅक्सनीतील फ्रीडरिख गोटलोब केलर यांना तो शोध भांडवलाअभावी पुढे नेता आला नाही. १८४६ मध्ये त्याचे हक्क कागद-उद्योजक हाइन्रिख फ्योल्टर यांच्याकडे गेले. तेथे शोध हातून जाण्यास पेती-क्लोची गरज पडली नाही. पैशाचा अभाव पुरेसा ठरला.

समारोप

सारांश, दावीदची शोकांतिका केवळ धनिकाच्या दुष्टपणाची नाही. संशोधनाचा काळ आणि कर्जाचा काळ यांचा मेळ न बसल्याची ती कथा आहे. खलनायक बाजूला सारूनही ती तितकीच अटळ वाटते, यातच या कादंबरीचे टिकाऊ मोल आहे.