पेप्सीच्या पिंपातलं इंग्लंड

'परदेशात जपलेली कला' हा यंदाच्या स्मरणिकेचा विषय ठरला, तेव्हाच ढोल-ताशा, भजनी मंडळ, रांगोळी आणि झालंच तर पुरणपोळी यांच्यावर लेख येणार हे उघड होतं. ते यायलाच हवेत. पण मिनेसोटात आपल्याआधी येऊन राहिलेल्यांनीही आपापल्या मुलखातून काही ना काही आणलं आणि टिकवलं. त्यातली एक कला माझ्या शेजारच्या तळघरात नांदते आहे. ती बिअरची आहे. गणेशोत्सवाच्या अंकात मी हे लिहिलं नसतं. हिवाळी अंकात चालेल असं संपादकच म्हणाले, तेव्हा तक्रारी त्यांच्याकडे पाठवाव्यात.

शेजारचे गृहस्थ मूळचे इंग्लंडच्या मिडलंड्स भागातले, आता निवृत्त. आमची मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. काकांच्या तळघरात भिंतीलगत स्टीलची उंच, अरुंद पिंपं ओळीने उभी असतात. काहींवर पेप्सीचं नाव अजून वाचता येतं. आत मात्र इंग्रजी पद्धतीची बिअर, म्हणजे एल असते, आणि तीही जिवंत.

जिवंत म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्याला बाटलीतून मिळते ती बहुतेक बिअर गाळून, बहुधा तापवून, यीस्ट काढून टाकलेली असते. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीच्या पबमध्ये तसं नसतं. तिथे ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा बिअर अर्धवट असते. तिच्यात यीस्ट असतं, थोडी साखर शिल्लक असते, आणि पबच्या तळघरात आडव्या ठेवलेल्या पिंपात ती दुसऱ्यांदा आंबते. फर्किन नावाचं नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटरचं असतं. त्याच्या पोटावरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. जास्तीचा वायू तिच्या रंध्रांतून निघून जातो. वायू पुरेसा निघाला असं वाटलं, की मऊ खुंटीच्या जागी कठीण लाकडाची बसवतात. यीस्ट खाली बसावं म्हणून माशाच्या वाताशयापासून केलेला एक चिकट द्रव घालायची रीत आहे (शाकाहारी वाचकांनी हे लक्षात ठेवावं). तळघर ११ ते १३ अंश सेल्सियसवर राखायचं, पिंप हलू द्यायचं नाही, आणि तोटी लावली की तीनेक दिवसांत संपवायचं, कारण जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते. बिअर चांगली लागते की आंबट, हे निम्मं ब्रुअरवर आणि निम्मं तळघर सांभाळणाऱ्यावर अवलंबून असतं. या दुसऱ्या माणसाचं नाव कुठल्याही बाटलीवर छापलेलं नसतं.

दुसऱ्यांदा आंबण्याच्या या गोष्टीशी आपलाही एक जुना धागा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीतली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येऊ लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या त्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. ओकच्या पिंपांत ती वाटभर आंबत आणि मुरत राहायची, आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरायची तेव्हा तिचं दुसरं आंबवण उरकलेलं असायचं. हॉजसनने हिंदुस्थानच्या उन्हासाठी ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही कथा इथल्या प्रत्येक ब्रुअरीच्या भिंतीवर लिहिलेली सापडते. ती फारशी खरी नाही. फिकट, हॉप्स नावाच्या कडवट फुलांनी भरलेली बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती, आणि काळीभोर पोर्टरसुद्धा त्याच जहाजांतून सुखरूप पोचत होती. हॉजसनची ब्रुअरी गोदीजवळ होती आणि कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, हे कारण जास्त पटतं. पुढे त्याच घराण्याने कप्तानांना डावलून स्वतःच धंदा करायचा घाट घातला, तेव्हा १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने संधी साधली. बर्टनचं पाणी जिप्समयुक्त, हॉप्सचा कडवटपणा खुलवणारं. काकांचं माहेर बर्टनपासून लांब नाही, त्यामुळे हा भाग सांगताना त्यांचा आवाज चढतो.

मग विसाव्या शतकात केग आला. वॉटनीज रेड बॅरलसारख्या बिअर गाळून, पाश्चराइझ करून, धातूच्या बंद पिंपात भरून वायूच्या दाबाने ग्लासात ढकलल्या जाऊ लागल्या. सगळीकडे चव एकच, नासण्याची भीती नाही, तळघर सांभाळायला जाणता माणूसही नको. मालकांना आणखी काय हवं असतं? १९७१ मध्ये आयर्लंडच्या सहलीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी या प्रकाराविरुद्ध 'कॅमरा' ही संघटना काढली, आणि ज्या पिंपातून वाढायची त्यातच दुसऱ्यांदा आंबलेली, बाहेरून कार्बन डायऑक्साइड न घातलेली बिअर तेवढी खरी एल, अशी व्याख्या रुजवली. कॅमराच्या मंडळींना 'केग' हा शब्द शिवीसारखा वाटायचा. काकाही तरुणपणी या चळवळीत होते. म्हणूनच त्यांच्या तळघरातल्या स्टीलच्या पिंपांची मला गंमत वाटते.

ही पिंपं तिथे आली कशी, यात मिनेसोटाचा हात मोठा आहे. दारूबंदी अंमलात आणणारा १९१९ चा कायदा व्होल्स्टेड यांच्या नावाने ओळखला जातो. ते आपल्याच राज्यातल्या ग्रॅनाइट फॉल्सचे खासदार. १९३३ मध्ये बंदी उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. हे राहून जाणं पुढे पंचेचाळीस वर्षं चाललं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. विकायची मात्र नाही. राज्यांनी आपापल्या सवडीने हे मान्य केलं. अलाबामा आणि मिसिसिपी हे शेवटचे भिडू, थेट २०१३ मध्ये. न्यू अल्मच्या शेल ब्रुअरीसारखी जर्मन घराणी इथे १८६० पासून लागर ही जर्मन पद्धतीची बिअर करत होती, पण इंग्रजी एल हवी असेल तर ती स्वतःच करणं भाग होतं. कोलोरॅडोतल्या चार्ली पापाझियन यांच्या पुस्तकाने हजारो लोकांना ते शिकवलं.

भांड्याचा प्रश्न सुटला तो सोड्यामुळे. हॉटेलांत पेप्सी आणि कोकचं सरबत ज्या ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या पिंपांतून यायचं, ती बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकी कॉर्नेलियस ही अनोकाची, ट्विन सिटीजच्या उत्तरेला. म्हणून सगळीकडे त्यांना 'कॉर्नी' म्हणतात. पुढे सरबत खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागलं आणि ही पिंपं ढिगाने भंगारात निघाली. उत्तम स्टेनलेस स्टील, १३० पीएसआयचा दाब सोसणारं, हात आत घालून घासता येईल एवढं रुंद तोंड. घरी बिअर करणाऱ्यांसाठी हे घबाडच होतं. पेप्सीच्या पिंपांच्या जोडण्या एका प्रकारच्या, कोकच्या दुसऱ्या, आणि दोन्ही विकत घेऊन ठेवणाऱ्याच्या घरात कायमचा घोळ.

काका पिंप भरतात तो दिवस बघण्यासारखा असतो. पहिलं आंबवण प्लॅस्टिकच्या बादलीत १८ ते २० अंशांवर आठवडाभरात झालेलं असतं. जुनं पिंप असेल तर आधी पाचही रबरी कड्या बदलायच्या. एक झाकणाची, दोन नळ्यांच्या आणि दोन वरच्या जोडण्यांच्या. रबर वास धरून ठेवतं. रूट बिअर भरलेल्या पिंपाच्या कड्या न बदलता एल भरली तर ती खोकल्याच्या औषधासारखी लागते. ब्लीच वापरायचं नाही, त्यातल्या क्लोरिनमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. परकार्बोनेटने धुऊन, आम्लाच्या जंतुनाशक पाण्याने पिंप तोंडापर्यंत भरायचं, झाकण लावायचं आणि ते सगळं पाणी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलायचं. पाणी गेलं की आत हवा राहतच नाही. हे पहिल्यांदा बघताना मला वाटलं, एवढा खटाटोप कशाला? बिअरचा वैरी ऑक्सिजन आहे. तो लागला की चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.

मग सत्तरेक ग्रॅम साखर पाण्यात उकळून पिंपात जाते आणि तिच्यावर बिअर, तळापर्यंत पोचणाऱ्या लांब नळीतून, जराही न फेसाळता. बाटल्यांसाठी साखर याहून बरीच जास्त लागते. इथे कमी पुरते, कारण इंग्रजी एलला वायू थोडाच हवा असतो. झाकण नीट बसावं म्हणून वायूचा एक झटका द्यायचा आणि सिलिंडर काढून घ्यायचं. इथून पुढचं काम यीस्टचं. ते साखर खातं, चुकून राहिलेला ऑक्सिजन संपवतं आणि वायू सोडतं. वायूला बाहेर वाट नसल्याने तो बिअरमध्येच विरतो. दोन आठवड्यांनी पिंप तळघराच्या गार कोपऱ्यात जातं. कुरकुरीत नवं लोणचं आणि बरणीत मुरलेलं लोणचं यांच्यात जो फरक असतो, तोच या दोन आठवड्यांत एलला पडतो. लांब नळीचं टोक काकांनी सेंटिमीटरभर कापलेलं आहे, म्हणजे तळाचा साका ग्लासात येत नाही. तरीही पहिला ग्लास गढूळ येतो. तो यजमानाने प्यायचा, असा घरचा नियम आहे.

जर्मन पद्धतीने जाणारे साखर घालतच नाहीत. पहिलं आंबवण संपायला थोडं बाकी असतानाच बिअर पिंपात भरतात आणि ठरावीक दाबाला उघडणारा व्हॉल्व्ह वर लावतात. हे जास्त सुबक आहे, पण वेळ चुकली तर बिअर सपक राहते.

पूर्वी दुसरा टप्पा काचेच्या मोठ्या बरण्यांत करायची रीत होती. ती मला कधीच पटली नाही. काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या घटकांवर पडून स्कंकसारखा दर्प तयार करतो. शिवाय २० लिटरची ओली बरणी हातातून सुटली तर थेट दवाखाना. गंमत म्हणजे त्या बरणीत बहुतेक वेळा काही आंबायचंच नाही, नुसता साका बसायचा. जॉन पामर यांच्या 'हाउ टू ब्रू' या गाजलेल्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत अशा दुसऱ्या भांड्याचा सल्ला होता. पुढे तो त्यांनीच मागे घेतला. उगाच भांडं बदलून हवा लावू नका, असं आता सगळेच सांगतात. बंद स्टीलच्या पिंपात साखर घालून होणारं आंबवण मात्र खरंखुरं दुसरं आंबवण आहे. त्याला ही टीका लागू पडत नाही.

मग कॅमराच्या माणसाला स्टीलचं पिंप कसं चालतं? काकांचं उत्तर सरळ आहे. इंग्लंडमधली आजची बहुतेक पिंपंही स्टीलची किंवा ॲल्युमिनियमचीच असतात. कॅमराचं भांडण धातूशी कधीच नव्हतं, यीस्ट मारून टाकण्याशी होतं. एका बाबतीत मात्र काका नियम मोडतात. घरात तीन दिवसांत १९ लिटर कोण पिणार? म्हणून ग्लास भरताना आत हवेऐवजी अगदी कमी दाबाचा कार्बन डायऑक्साइड जाऊ देतात. याच युक्तीला कॅमराने अनेक वर्षं विरोध केला होता. मला ती शहाणपणाची वाटते. नियम चोख पाळून नासलेली बिअर ओतून देण्यापेक्षा हे बरं.

आपल्या मंडळातले दोघे-तिघे आता काकांकडे जातात. तरुणांना घाई असते. साखर आणि दोन आठवडे कशाला, ३० पीएसआयचा वायू लावला की दोन दिवसांत काम होतं, असं ते म्हणतात. वायू दोन्हीकडे तोच, आणि फरक प्रत्येक वेळी कळतो असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण यीस्टसोबत मुरलेली एल जास्त दिवस ताजी राहते हे मी चाखून पाहिलं आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्यातल्या एकीने साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालून पाहिला. गुळात ओलावा आणि मळी असल्याने तेवढ्याच वायूसाठी तो वजनाने थोडा जास्त लागतो, हे तिने आधी हिशोब करून ठेवलं होतं. गडद पोर्टरमध्ये तो छान मिसळला. फिकट एलमध्ये घालू देणार नाही असं काकांनी बजावलंय, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.

कोणाला बघायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी या. वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावीत, चव घ्यायची तर गाडी चालवायला घरचं कुणी तरी सोबत असावं, आणि पैसे देऊ करू नयेत. कायदाही तसाच आहे, आणि काकांना राग येतो तो वेगळाच.